वरणाच्या निवळीवर दोन आठवडे निघत नाहीत

माझी मावसबहीण वजनाचं ऑपरेशन करून तिसऱ्या दिवशी घरी आली, तेव्हा तिच्या सासूबाईंनी गॅसवर दोन पातेली तयार ठेवली होती. एकात तांदळाची पेज, दुसऱ्यात वरणाची निवळ, वर चिमूटभर हिंग. आजारी माणसाला आपल्याकडे हेच देतात. पोटाला हलकं, घशाला गरम, आणि देणाऱ्यालाही काहीतरी केल्याचं समाधान. पण त्या आठवड्यात तिला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज होती, ती या दोन्ही पातेल्यांत नव्हती. डाळीतली प्रथिनं डाळीबरोबर तळाला बसतात. वर येतं ते पाणी, पिवळा रंग आणि वास.

या ऑपरेशनबद्दल बहुतेकांचा समज साधा असतो: पोट लहान केलं, आता कमी खायचं. कमी खाण्याची चिंता खरं तर करायलाच नको, ते काम सर्जन करून मोकळे झालेले असतात. पहिले सहा-आठ आठवडे झगडा उलटा चालतो. एवढ्याशा जागेत पुरेसं पाणी आणि पुरेशी प्रथिनं बसवायची कशी, हा रोजचा प्रश्न असतो. निवळ, पेज, साबुदाण्याची खीर, नारळपाणी ही आपली सगळी पथ्याची भांडी नेमकी इथेच कमी पडतात.

पुढे जे आठवडे सांगितलेत ते ढोबळ आहेत. कुठलं ऑपरेशन झालंय, मधुमेह आहे का, यावर प्रत्येक डॉक्टरांचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि तुमच्या हातात दिलेला तक्ताच तुम्ही पाळायचा. मी सांगतेय तो त्या तक्त्यामागचा हिशोब.

दोन कटिंग मावतील एवढं पोट

धडधाकट माणसाचं जठर ताणलं गेलं की त्यात लिटर-दीड लिटर सहज मावतं. ‘स्लीव्ह’ नावाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा डावीकडचा फुगीर भाग, म्हणजे जवळजवळ ७५ ते ८० टक्के जठर, स्टेपलरने शिवून कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर मावतं, म्हणजे टपरीवरचे जेमतेम दोन कटिंग. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी, साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग उचलून थेट तिला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्याच्यातून जात नाही. ‘मिनी बायपास’मध्ये पिशवी जरा लांबट असते आणि दोनऐवजी एकच जोड असतो. आपल्याकडे हाही पुष्कळ होतो.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. भुकेची वर्दी मेंदूला देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. बायपासनंतरही आतड्यातली संप्रेरकं बदलतात आणि पोट भरल्याची जाणीव लवकर येते. त्यामुळे पहिले काही आठवडे भूक लागतच नाही. ‘भूक लागली की खा’ हा आयुष्यभराचा नियम इथे चालत नाही. घड्याळ बघून खावं लागतं, आणि सतत ‘कमी खा’ ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ‘वेळ झाली, खा’ हे ऐकणं फार चमत्कारिक वाटतं. माझ्या बहिणीला तर पहिल्यांदा रडूच आलं होतं.

आधीचे दोन आठवडे यकृतासाठी

ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कडक आहार देतात. दिवसाला ८०० ते १००० कॅलरी, प्रथिनं भरपूर, भात, पोळी, साखर, तेल जवळजवळ बंद. घरच्यांना वाटतं, डॉक्टर निश्चय तपासतायत. थोडंफार तसं असेलही, पण मुख्य कारण यकृत आहे.

जठराचा वरचा भाग यकृताच्या डाव्या पाळीखाली दडलेला असतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना ती पाळी सगळा वेळ वर उचलून धरावी लागते. वजन खूप वाढलेल्या बहुतेकांचं यकृत चरबीने फुगलेलं असतं: जड, पिवळसर आणि ठिसूळ. उचलायला गेलं की चिरतं, रक्त येतं, आणि ज्या कोपऱ्यात स्टेपलर लावायचा तो कोपराच दिसत नाही. आता याच यकृतात शरीर साखरेचा साठा ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. या साठ्याचा प्रत्येक ग्रॅम स्वतःबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. साखर आणि पिठं तोडली की आधी हा साठा आणि त्याचं पाणी ओसरतं, मागोमाग चरबीही उतरायला लागते. दोन आठवड्यांत यकृत सर्जनच्या डोळ्यांना कळेल इतकं आक्रसतं.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या रविवारी ‘आता परत कधी मिळणार’ म्हणत मिसळ, बिर्याणी, आमरस-पुरी असा निरोपाचा जेवणावळ-सोहळा करतात, तो फार महागात पडू शकतो. साखरेची कोठी पुन्हा भरायला एक-दोन दिवस पुरतात.

हे दोन आठवडे घरच्या जेवणातच बसवता येतात. सकाळी उकडलेली अंडी किंवा मुगाचं धिरडं अगदी थेंबभर तेलावर, दुपारी मोड आलेल्या मुगाची पातळ उसळ आणि काकडी, संध्याकाळी ताक, रात्री भाजलेला मासा, चिकन किंवा पनीर. काही डॉक्टर दोन वेळा प्रथिनांची पावडर आणि एकच वेळ जेवण सांगतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं ठणकतं, चिडचिड होते, मग आठवडाअखेरीस बरं वाटू लागतं.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हा आहार गोळ्यांचा डोस न बदलता सुरू करू नये. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड पूर्वीइतकंच घेतलं आणि खाणं एक तृतीयांशावर आणलं, तर साखर धाडकन खाली येते. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्यांची, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिनची, गोष्ट आणखी वेगळी. त्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करायला सांगतात. उपाशी अवस्थेत त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, आणि गंमत म्हणजे तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर जवळजवळ नेहमीसारखीच दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. घरात असलेली सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. नावं पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा ते बरं.

आणि तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, शिवण भरून यायला वेळ लागतो, बायपासच्या जोडावर व्रण होतो. विडी-सिगारेट लोक कबूल करतात. मिश्री मात्र निसटते. ‘तंबाखू खाता का?’ ‘नाही.’ ‘मिश्री लावता का?’ ‘हो, ती दातांना.’ भाजलेला असला तरी तो तंबाखूच, आणि हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातंच.

पहिले चार-पाच दिवस

ऑपरेशनच्या दिवशीच, शुद्ध नीट आली की काही तासांत, नर्स तुम्हाला उठवून चालवतात. नातेवाइकांना हे क्रूर वाटतं. पण वजन जास्त, मोठं ऑपरेशन आणि पडून राहणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं, पायांना आवळून बसणारे मोजे आणि हे चालणं, तिन्ही त्यासाठीच. खांदा दुखतो, त्याने घाबरू नका. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या नसा चाळवतात आणि मेंदूला ते दुखणं खांद्यात वाटतं. चालण्याने तो वायू लवकर जिरतो. दोन-तीन दिवसांत कमी होतं. कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर मात्र गोष्ट वेगळी. ती पुढे येईलच.

पाणी साधारण दुसऱ्या दिवसापासून, घोट-घोट. इथे घोट म्हणजे काय तेही शिकावं लागतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जी छोटी प्लास्टिकची वाटी येते, तेवढ्या मापाने मोजायचं.

पाण्याचा आणि प्रथिनांचा हिशोब

दिवसाला दीड लिटर पातळ पदार्थ पोटात जायला हवेत. सुरुवातीला एका वेळी सोसतात ३० मिलिलिटर. म्हणजे पन्नास खेपा. दर पंधरा मिनिटांनी एक धरली तर तासाला १२० मिलिलिटर होतात, आणि दीड लिटर पुरं व्हायला साडेबारा तास लागतात. सकाळी सातला सुरू केलं तर संध्याकाळी साडेसात. मधे दुपारची तीन तासांची झोप काढली तर हिशोब कोलमडला. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात लोक पुन्हा दवाखान्यात भरती होतात त्याचं एक नेहमीचं कारण हे साधं कोरडं पडणं आहे. तोंड सुकतं, उठलं की चक्कर येते, लघवी गडद पिवळी आणि थोडी होते. वाढत्या मळमळीचं कारणही पुष्कळदा हेच असतं. माणूस मळमळतंय म्हणून पाणी आणखी कमी पितो आणि फेरा वाढत जातो.

एकदम गटागटा पिऊन भरपाई करता येत नाही, छातीत कळ येते. सोडा, कोल्ड्रिंक, बिअर नको, त्यातला वायू त्या अरुंद नळीत अडकतो. स्ट्रॉ बहुतेक ठिकाणी टाळायला सांगतात, कारण तिच्यातून हवा आत जाते. पाण्याची चव या दिवसांत काहींना धातूसारखी लागते. त्यांना कोमट, किंवा उलट गार, किंवा लिंबाचा थेंब टाकलेलं पाणी जातं. प्रत्येकाचं वेगळं असतं आणि दर आठवड्याला बदलतं.

आता प्रथिनं. दिवसाला किमान ६० ग्रॅम, बऱ्याच जणांना ८० पर्यंत सांगतात. ती मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. काटा उतरतो, लोक कौतुक करतात, पण जिना चढताना पाय थरथरतात.

साठ ग्रॅम म्हणजे किती? एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात तीनच्या जरा वर, म्हणजे नुसत्या दुधावर ६० ग्रॅम गाठायला जवळपास दोन लिटर दूध लागेल, आणि एवढी जागाच नाही. दोन चमचे नाचणीच्या पिठाची आंबील केली तर दीड ग्रॅम. आंबील मला स्वतःला फार आवडते, पण खरं ते सांगायला हवं. पेजेत नावापुरतं. निवळीत जवळजवळ शून्य. चिकनच्या गाळलेल्या सूपची स्थितीही फार वेगळी नाही. चव उतरते, चिकन गाळणीत राहतं.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत, जेव्हा सगळं पातळच घ्यायचं असतं, प्रथिनांच्या पावडरीला पर्याय जवळजवळ नाही. चांगल्या व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या, पावडरीच्या एका मापात २० ते २५ ग्रॅम असतात. एक माप दोनशे मिलिलिटर पाण्यात किंवा साय काढलेल्या दुधात रवीने घुसळायचं, फेस बसू द्यायचा आणि तासाभरात संपवायचं. अशी दोन मापं झाली की दिवस निम्म्याहून अधिक पुढे सरकतो. पहिल्या आठवड्यात एवढंही जाणार नाही. तेव्हा अर्ध्यावर समाधान मानायचं, पण पाणी सोडायचं नाही. ‘पावडरीने किडनी खराब होते’ असं शेजारून हमखास ऐकू येतं. मूत्रपिंडाचा आधीच आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवं. बाकीच्यांना ६०-८० ग्रॅम हे चारचौघांच्या गरजेइतकंच आहे, ते पैलवानाचं खाणं मुळीच नाही.

दुधाने पोट गुरगुरलं, जुलाब झाले, तर दुधातली साखर पचत नसेल. तेव्हा ताक, किंवा ‘आयसोलेट’ प्रकारची पावडर. ताकातही पाणी किती घालता त्यावर सगळं आहे. आमच्याकडचं ताक म्हणजे पाण्याला दाखवलेलं दही. बहिणीच्या सासूबाईंनी नंतर एक युक्ती केली. श्रीखंडासाठी टांगतात तसा चक्का टांगला, आणि साखरेच्या ऐवजी त्यात जिरेपूड, मीठ घालून, थोडं पाणी घालून घुसळला. दह्याच्या मानाने प्रथिनं जवळजवळ दुप्पट, आणि चव ओळखीची.

घोटलेलं, मग मऊ, मग चावायचं

साधारण तिसऱ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं सुरू होतं. आता वरणाची निवळ सोडून तळाचा गाळ घ्यायचा, घट्ट घोटून. पनीर दुधात वाटून, उकडलेलं अंडं ताकात कुस्करून, काटे काढलेला मासा कढणाबरोबर वाटून. दिसायला लहान बाळाचं खाणं. एका वेळी चार-पाच चमचे, वीस-पंचवीस मिनिटं लावून. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून मऊ: अंड्याची भुर्जी, मऊ मासा, पनीर, मुगाची उसळ बोटाने चिरडेल इतकी शिजवलेली. दोन महिन्यांच्या आसपास नेहमीचं जेवण, प्रमाण तेवढं वाटीभर.

क्रम नेहमी एकच. आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तर भात-भाकरी. आपल्या ताटात हे उलटं आहे. भात केंद्रस्थानी, वरण त्यावर, भाजी तोंडी लावायला. आणि भातच या दिवसांत सगळ्यात दगा देतो. मऊ भात, पाव, ताजी पोळी, इडली हे पोटात ओलसर गोळा होऊन बसतात आणि नळीच्या तोंडाशी अडकतात. भाकरी तव्यावर कडक केलेली असेल तर ती चावून भुगा तरी होते. रेषाळ गोष्टीही तशाच: शेवग्याच्या शेंगा, अननस, संत्र्याच्या फोडीवरचं साल, सुकं चिकन. फ्रिजमधून काढून पुन्हा गरम केलेलं चिकन कोरडं पडतं. ज्याला ताजं चिकन सोसतं त्यालाही ते कधी कधी सोसत नाही.

अडकलं की काय होतं ते एकदा कळलं की माणूस विसरत नाही. छातीच्या मध्यभागी दाब, तोंडाला पाणी सुटणं, मग चिकट पांढरा फेस बाहेर येणं. अशा वेळी ‘पाणी पी, खाली जाईल’ असं कोणीतरी म्हणतं. तेव्हाच पाणी प्यायचं नसतं, वर जागा नाही. थांबायचं, उभं राहून चालायचं. पोट भरल्याची खूणही आता पोटात दिसत नाही: कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहायला लागतं, कुणाला एकदम शिंक येते. ती खूण आली की ताटात उरलेला एक घाससुद्धा ठेवून द्यायचा. ‘अन्न टाकू नये’ हे संस्कार असलेल्या घरात हे सोपं नाही. त्यावर उपाय एकच, आधीच वाटीत कमी घ्या.

जेवणाबरोबर पाणीही नको. ताटाशेजारी तांब्या-भांडं मांडायची सवय मोडावी लागते. पाण्याबरोबर अन्न भराभर खाली वाहून जातं, पोट भरल्यासारखं वाटत नाही, आणि छोट्या पिशवीत दोन्ही एकदम गेलं तर उलटी होते. जेवणानंतर अर्धा तास थांबून पाण्याच्या वाट्या पुन्हा सुरू करायच्या.

गोडाचा प्रश्न बायपास झालेल्यांना जास्त. जठराचं दार आता उरलेलं नसल्यामुळे साखर थेट आतड्यात कोसळते, आतडं तिला पातळ करायला पाणी ओढून घेतं, आणि दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. उसाचा रस, गुलाबजाम, श्रीखंडाचे दोन चमचेही पुरे होतात. काहींना दोन-तीन तासांनी उलट साखर खाली जाऊन गळून गेल्यासारखं होतं. एकादशी-संकष्टीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे चिकट पिष्ट आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत, शेंगदाण्याच्या कुटातली काय ती. पहिल्या वर्षी उपास देवाच्या पायाशी ठेवावेत असं माझं मत आहे. ज्यांना राहवत नाही त्यांनी दूध-दह्यावर करावेत.

उलट्या थांबत नसतील तर

हा भाग कृपया घरच्यांनीही वाचावा.

ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, शरीरात फार थोडं साठतं. खाणं तुटलं की साठा दोन-तीन आठवड्यांत संपत येतो. ऑपरेशननंतर कोणी रोज उलट्या करत असेल, औषधाच्या गोळ्याही टिकत नसतील, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो धोक्याच्या रेषेवर आलेला असतो. मग लक्षणं मेंदूची दिसायला लागतात: एकाचं दोन दिसणं, डोळे नीट न फिरणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ. वेळेवर थायमिनची इंजेक्शनं मिळाली तर बहुतेकदा सावरतं, उशीर झाला तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं.

आणि आपल्याकडे इथे एक खास खड्डा आहे. अशक्त माणसाला जवळच्या दवाखान्यात नेलं की पहिल्यांदा ग्लुकोजची बाटली लागते. ग्लुकोज जाळायला शरीराला थायमिन लागतं. आधीच तुटपुंजं उरलेलं तेही या बाटलीत खर्च होतं आणि बिघाड वेगाने वाढतो. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. गावच्या डॉक्टरांना ऑपरेशनचं माहीत असेलच असं नाही. पोटावर पाच बारीक टाके दिसतात फक्त. ‘वजनाचं ऑपरेशन झालंय, अमुक तारखेला, उलट्या इतके दिवस आहेत, ब१ द्यायचं का?’ एवढं वाक्य सोबतच्या माणसाला पाठ हवं.

दुसरा धोका स्टेपलरच्या शिवणीतून गळती होण्याचा. दुर्मीळ आहे, पण होते ती बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे माणूस घरी आलेला असताना. सगळ्यात आधी नाडी सांगते. शांत बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला १२० च्या वर जाऊन तिथेच राहते. सोबत ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, ‘काहीतरी बिनसलंय’ अशी घालमेल. ॲसिडिटी समजून गोळी देऊन रात्र काढू नका, ऑपरेशन झालं त्याच रुग्णालयात त्याच रात्री जा. एका पायाची पोटरी सुजून दुखणं किंवा अचानक दम लागणं हेही तितकंच तातडीचं, ते गुठळीचं लक्षण असू शकतं.

गोळ्या, केस आणि अडलेला काटा

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आता आयुष्यभराच्या आहेत. ब१२ शोषायला जठराची मदत लागते आणि जठरच छाटलेलं आहे. शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं. लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम हेही. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं चांगलं, ते पचायला जठरातलं आम्ल लागत नाही. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर एकमेकांना अडवतात, मधे दोन तास हवेत. चहाही लोहाला अडवतो, त्यामुळे सकाळच्या चहाबरोबर लोहाची गोळी म्हणजे गोळी वाया. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, ते टाळायला सहा महिने आणखी एक गोळी बऱ्याच ठिकाणी देतात.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या मात्र बंद, विशेषतः बायपासनंतर. जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होतो. दुखलं तर पॅरासिटामॉल.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा अडतो. इतका थोडा खुराक आणि वजन जागचं हलत नाही, म्हणून लोक घाबरतात. पहिल्या दिवसांत जो भरभर उतार दिसला त्यात ग्लायकोजेनबरोबर गेलेलं पाणी पुष्कळ होतं. ते थोडं परत भरतं, चरबी तिकडे उतरतच असते. दहा-पंधरा दिवसांत काटा पुन्हा हलतो. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळतात, कंगवा भरून गळतात. शरीराला बसलेल्या धक्क्याचा हा दोन-तीन महिन्यांनी येणारा परिणाम आहे, प्रथिनं आणि लोह बरोबर असेल तर केस पुन्हा येतात.

टेबलावरचं काम दोन-तीन आठवड्यांत सुरू करता येतं. पाण्याची बादली, गॅसचं सिलिंडर, कडेवरचं पोर मात्र सहा आठवडे दुसऱ्या कोणीतरी उचलावं. तरुण बायकांसाठी एक गोष्ट, जी सांगायला घरात कुणी धजत नाही. वजन उतरलं की बंद पडलेली पाळी लवकर नियमित होते आणि अनेक वर्षं न राहिलेला गर्भ अचानक राहू शकतो. पहिलं वर्ष-दीड वर्ष तो टाळायला सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातील याचा भरवसा नसतो, म्हणून दुसरा उपाय डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचा.

माझ्या बहिणीने सातव्या आठवड्यात पहिल्यांदा ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा खाल्ला, कुस्करलेल्या सुरमईनंतर. चावायला इतका वेळ लागला की आमची सगळ्यांची ताटं धुऊन झाली. सासूबाई मात्र समोर बसून राहिल्या. वरण आता त्या घट्ट वाढतात, आणि निवळ जाते आमटीत, बाकीच्यांसाठी.